जंगलात युरिया कोण टाकतं?

आमच्या वावराचा उगवतीकडचा धुरा, म्हणजे बांध, थेट सागाच्या जंगलाला लागतो. यवतमाळ जिल्ह्यात असे धुरे पुष्कळ आहेत. अलीकडे पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर, पलीकडे साग, ऐन, धावडा, मोह. मागच्या खरिपात पऱ्हाटीला खत देऊन झालं आणि आम्ही धुऱ्यावर शिदोरी सोडून बसलो. शेजारच्या वावरातले काका पलीकडच्या हिरव्यागार गर्दीकडे बघत म्हणाले, "बापू, मले एक गोठ सांग. आपण दरसाल बॅगांवर बॅगा टाकतो, तरी पीक पिवयं पडते. तिकडं जंगलात कोन टाकते युरिया?"

"पालापाचोळा कुजतो काका, त्याचं खत होतं," एवढंच मी तेव्हा म्हणालो. काकांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं आणि माझंही. पालापाचोळा तर जंगलाचाच. आपलंच खाऊन कोणी किती दिवस जगेल? आणि तसं जगता येत असेल, तर आपल्या वावराला ते का जमत नाही? हा लेख म्हणजे त्या दिवशी अर्धं राहिलेलं उत्तर आहे.

सुरुवात चुलीपासून करू, कारण सगळी गोष्ट चुलीत दिसते. संध्याकाळी पऱ्हाट्या पेटवल्या की त्यातून तीन गोष्टी निघतात. ऊब, धूर आणि राख. राखेत पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस) असतं. ती सकाळी भरून परसातल्या वांग्यांना घालता येते. धुराबरोबर कर्ब (कार्बन) आणि लाकडातला नत्र (नायट्रोजन) हवेत जातो. तोही संपत नाही, आज ना उद्या कुठल्या तरी झाडाच्या पानात किंवा मुळाशी येऊन पोचतो. ऊब मात्र भाकरीत, तव्यात, भिंतीत शिरते आणि रात्रीतून विरून जाते. ती परत गोळा करून पुन्हा लाकूड बनवणं कोणालाच शक्य नाही.

जंगल असो, तलाव असो की वावर, सगळीकडे हेच दोन हिशोब एकाच वेळी चालतात. ऊर्जा एका बाजूनं येते, वापरली जाते, उष्णता होऊन निघून जाते. तिला परतीची वाट नाही, म्हणून ती रोज नवीन यावी लागते. नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब ही अन्नद्रव्यं मात्र वापरून संपत नाहीत. आज पानात, उद्या अळीत, परवा मातीत, पुढच्या पावसात पुन्हा पानात. जंगल आपलंच खाऊन जगू शकतं ते यामुळे. ते पुन्हा पुन्हा खातं ती राख. ऊब त्याला सूर्य रोज नव्यानं देतो.

आता ऊन मोजून बघू. विदर्भात एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण ५ युनिट ऊन पडतं. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या मीटरवरचंच युनिट. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा एकरावर रोज २० हजार युनिटांच्या आसपास ऊर्जा उतरते. पावसाळ्यातले ढग वजा केले तरी ज्वारीच्या ११० दिवसांत एका एकराला १८ लाख युनिट मिळतात. एखाद्या लहान गावाचं वीजबिल याच्यापुढे किरकोळ.

त्या एकरात १० क्विंटल ज्वारी झाली असं धरा. एक किलो ज्वारीत साधारण ३.९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे दाण्यात उतरले ३,९०० युनिट. पडलेल्या उन्हातले हजाराला दोन. कडबा, मुळं, धाटं सगळं धरलं तरी शेकड्याला एकाच्या जवळपास. बाकीचं ऊन गेलं कुठे? जवळजवळ निम्म्या उन्हाचा रंग पानांच्या कामाचाच नसतो. काही परत उडतं, बरंचसं पान आणि माती तापवण्यात आणि पाणी उडवण्यात जातं. पीक लहान असताना तर ऊन उघड्या जमिनीवरच पडतं. त्यातल्या त्यात ज्वारी, मका, ऊस यांची पानं कडक उन्हात कर्ब पकडण्यात पऱ्हाटी-सोयाबीनपेक्षा तरबेज असतात. आपल्या भागात ज्वारी एवढी वर्षं उगाच टिकली नव्हती.

हजारातले दोन ऐकून कमी वाटतं. पण दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला सुमारे २.३ युनिट लागतात. चोवीस तासांवर वाटले तर तो जुन्या १०० वॉटच्या बल्बइतकी ऊर्जा जाळत असतो. वर्षाचे होतात ८५० युनिट. म्हणजे त्या एकरभर ज्वारीवर चार माणसांचं वर्ष निघतं.

माणसानं थेट दाणा खाल्ला तर हे असं. मध्ये जनावर आलं की हिशोब बदलतो. चितळानं गवत खाल्लं तर त्यातला काही भाग पचत नाही, तो लेंड्यांतून पडतो. पचलेल्यातला फार मोठा भाग अंग गरम ठेवण्यात, पळण्यात, श्वासात, वाघाच्या भीतीनं कान टवकारून उभं राहण्यात जळून जातो. मांस म्हणून अंगावर उरतं ते थोडंसं. पायरीमागे साधारण दहातला एक भाग वर चढतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. तो अगदी काटेकोर नाही. गरम रक्ताच्या प्राण्यांत उरणारा भाग याहून खूप कमी असतो, शेकड्याला दोन-तीन. किडे आणि मासे अंग तापवत बसत नाहीत, त्यांच्यात जास्त उरतो.

हा दहातल्या एकाचा विचार मूळ एका तळ्याकाठचा आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या लहानशा तळ्यात शेवाळ किती, ते खाणारे किती, त्यांना खाणारे किती, हे रेमंड लिंडमन या तरुणानं पत्नीच्या मदतीनं पाच वर्षं मोजलं. कोण कोणाला खातं हे आधीही माहीत होतं. त्यानं त्या सगळ्या जिवांना ऊर्जेच्या एकाच मापात आणलं. त्याचा लेख तपासणाऱ्यांनी सुरुवातीला नाकारला होता. अखेर तो १९४२ साली छापून आला, पण तो हातात पडायच्या आधीच, वयाची २७ वर्षंही पुरी व्हायच्या आत, लिंडमन गेला होता. मला ही हकिकत वाचल्यापासून विसरता आलेली नाही.

त्याचं तळं आपल्याला परकं वाटायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे प्रत्येक बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि मामा (माजी मालगुजारी) तलावात तोच हिशोब मांडलेला असतो. पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ, ते खाणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, त्यांच्यावर पोसणारा कटला आणि या सगळ्यांच्या वर, लहान मासे आणि बेडकं गिळणारी मरळ. जाळ्यात कटला ढिगानं येतो, मरळ मोजकीच. ती कटल्याच्याही वरच्या पायरीवर बसली आहे आणि तिच्यापर्यंत ऊन पोचेस्तोवर जवळजवळ संपलेलं असतं.

वाघाचंही हेच. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात. कळप न घटता त्यातून दरसाल शेकडा दहा जनावरं काढता येतात असं धरलं, तर एका वाघामागे चितळ, सांबर, रानडुकरं मिळून ५०० जनावरं जंगलात उभी पाहिजेत. वाघाचे अभ्यासक याच हिशोबानं चालतात. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत वाघ आखरावरच्या ढोरांकडे येतो, त्यामागे बाकी कारणं आहेतच, पण हा हिशोबही आहे. वाघाला जागा हवी असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्याला तेवढं गवत हवं असतं, आणि गवताला तेवढं ऊन. वाघाला खाऊन जगणारा आणखी मोठा प्राणी का नाही, याचं उत्तरही यातच आहे. वर त्याच्यापुरतं ऊन उरतच नाही.

ऊर्जेचा हिशोब एवढ्यावर सोडू. काकांचा प्रश्न दुसऱ्या हिशोबातला होता.

पावसाळ्याच्या शेवटी सागाच्या जंगलात गेलात तर पानांची चाळणी झालेली दिसेल. बारीक अळ्या शिरा सोडून पानाचा मधला गर खातात आणि उरते जाळी. माणसं हळहळतात, जंगल वाळलं म्हणतात. पण खाली वाकून बघा. मोहरीपेक्षा बारीक काळी विष्ठा पाचोळ्यावर सांडलेली असते. पानातला नत्र कुजायची वाट न बघता असा थेट जमिनीवर पोचतो.

जी पानं अळ्यांच्या तावडीतून सुटतात, ती हिवाळ्यात पिवळी पडतात. पान पिवळं पडणं हे नुसतं म्हातारपण नव्हे. झडण्याआधी झाड पानातला नत्र आणि स्फुरद सोडवून फांदीत, खोडात ओढून घेतं. निम्म्याच्या आसपास माल असा परत घेतला जातो. घर सोडणाऱ्या माणसानं चौकटी-दारं काढून घ्यावीत तसं. कॅल्शियम मात्र पानातच राहतं आणि पानाबरोबर खाली येतं.

मग मार्च ते मे पाचोळा करकरीत वाळतो आणि कुजणं जवळजवळ थांबतं, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला ओल लागते. त्या कोरड्या महिन्यांत काम चालू ठेवते ती वाळवी. आपल्याकडे वारूळ बांधणाऱ्या पुष्कळ वाळव्या पाचोळा आणि लाकूड आत नेतात, त्यावर बुरशीची शेती करतात आणि तीवर पोसतात. लाकडातला कठीण भाग त्यांच्याऐवजी बुरशी फोडते. पाऊस पडला की त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळातून वर येतात, त्या म्हणजे आपल्या सात्या. लोक सात्यांसाठी पहाटे उठून रानात जातात आणि बाजारात त्या मटणाच्या भावानं विकल्या जातात, कारण माणसाला त्यांची लागवड करता येत नाही. वाळवीला येते.

जूनच्या पहिल्या सरींनी सगळं पालटतं. कोरड्या मातीत ओल शिरताच निजलेले जिवाणू एकदम जागे होतात, मेलेल्यांचे आणि पाचोळ्याचे तुकडे करतात आणि त्यातला नत्र मोकळा होतो. पहिल्या पावसाचा वास मातीतल्या अशाच एका जातीच्या जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्याचा असतो. मोकळी झालेली अन्नद्रव्यं वाहून जायच्या आत टिपायला सागाची उथळ मुळं आणि त्यांना चिकटलेले बुरशीचे धागे तयारच असतात. ते धागे झाडाकडून साखर घेतात आणि मुळाला जिथे पोचता येत नाही तिथलं स्फुरद आणून देतात. म्हणजे इथे उन्हाच्या कमाईवर राखेची वाहतूक चालते. मला या सगळ्या व्यवहारातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते.

तरीही थोडं गळतंच. ते भरून येतं खडकातून. आपल्या काळ्या मातीखालचा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो झिजताना कॅल्शियम, लोह, थोडं स्फुरद सुटत राहतं. वेग अतिशय कमी, पण जंगलाची गळतीही कमीच असते. नत्र मात्र खडकात जवळपास नाही. तो हवेतून आणावा लागतो.

हवेचा ७८ टक्के भाग नत्रच आहे. काका आणि मी धुऱ्यावर बसलो होतो ते नत्राच्या डोहातच. पण त्या नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पान, मूळ, जनावर, कोणालाच तो वापरता येत नाही. ती पकड सोडवणारे फक्त काही जिवाणू, आणि थोडीफार आकाशातली वीज. यातले रायझोबियमसारखे जिवाणू तूर, हरभरा, सोयाबीन, बाभूळ, शिसव यांच्या मुळांवरच्या गाठींत राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं तुरीचं एक झाड मातीसकट अलगद काढा, मुळं धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर काम जोरात चालू आहे. आत हिरवट किंवा पांढरं असेल तर गाठ नुसती नावाला आहे.

जंगलात युरिया टाकणारे हेच. अळ्या, वाळवी, बुरशी, गाठींतले जिवाणू आणि झिजणारा खडक.

माणसानं ही पकड कारखान्यात सोडवली. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश यांच्या खटपटीनं १९१३ मध्ये ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातल्या सुमारे निम्म्या माणसांचं अन्न या युक्तीवर उभं आहे, त्यामुळे या अमोनियापासून बनणाऱ्या युरियाला नावं ठेवून मोकळं होणं मला पटत नाही. फक्त तो कशाचा बनतो हे लक्षात ठेवावं. नत्र हवेतला, पण पकड तोडायला लागणारी ऊर्जा बहुतेक नैसर्गिक वायूची, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडल्या गेलेल्या उन्हाची. गाठीतला जिवाणू जे काम यंदाच्या उन्हावर करतो, तेच काम बॅगेतला युरिया पुराणकाळच्या उन्हावर करतो. शिवाय आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकला तर त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडतो. पाणी तुंबलं तर आणखी काही भाग वायू होऊन जातो. टाकलेल्या नत्रातला साधारण ३० ते ४० टक्केच पिकाच्या अंगी लागतो.

आता वावराकडे वळू. जंगल आणि वावर यांत खरा फरक एकच आहे. वावरातून दरवर्षी गाडी भरून माल बाहेर जातो. पण सगळा माल सारखा नसतो, आणि हे मला कोणी लहानपणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रुई घ्या. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्यात कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एवढंच. कर्ब हवेतला, बाकी पाण्यातलं आणि हवेतलं. वावराचा नत्र-स्फुरद त्यात नाहीच म्हटलं तरी चालेल. गठाण जगात कुठेही जाऊ दे, जमिनीचं काही गेलं नाही. जातं ते सरकीत. १० क्विंटल कापसात साडेसहा क्विंटलच्या आसपास सरकी निघते. सरकीत प्रथिनं २० टक्क्यांच्या घरात आणि प्रथिनाचा साधारण सहावा भाग नत्र. गुणाकार करा, २० किलोंहून थोडा जास्त नत्र होतो. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगेत तेवढाच असतो. म्हणजे १० क्विंटल कापूस विकला की एक बॅग परत गाडीत चढली.

आता सरकीचं तेल काढा. तेलातही कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजनच. नत्र-स्फुरद सगळा ढेपेत, म्हणजे पेंडीत, उरला. ती ढेप गाईनं खाल्ली, शेण उकिरड्यावर आणि तिथून वावरात गेलं, तर एवढा कापूस पिकवून जमिनीचं जवळपास काहीच गेलं नाही. दूध विकण्याऐवजी लोणी कढवून तूप विकलं आणि ताक घरात प्यायलं, तरी तेच. तुपात नत्र नाही, तो ताकात. रुई, तेल, तूप, साखर हा सगळा उन्हाचा माल. जुन्या गावांतून बाहेर जाणाऱ्या मालात हा बराच असायचा. कोणी नत्राचा हिशोब करून तसं ठरवलं नव्हतं, पण जमिनीला ते मानवलं.

सोयाबीनचं उलट आहे. दाण्यात प्रथिनं ४० टक्के. १० क्विंटल सोयाबीन म्हणजे ६४ किलो नत्र, युरियाच्या तीन बॅगा. सोयाबीन गाठींचं पीक आहे, जमिनीला नत्र देतं, असं आपण ऐकत आलो. गाठी देतात हे खरं, पण दाण्याला लागणारा निम्म्याच्या आसपास नत्रच हवेतून येतो. बाकीचा मातीतून उचलला जातो. दाणा गेला, कुटार (भुसा) विकलं किंवा धुऱ्यावर पेटवलं, तर जमीन तोट्यात. त्याची ढेपही आपल्या गोठ्यात येत नाही, ती कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जाते. तूर त्यापेक्षा भली. कापणीआधी तिचा पाला तिथेच गळतो आणि तुरीखालची जमीन पुढल्या साली भुसभुशीत लागते, हे शेतकऱ्याच्या पायाला कळतं.

ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं, यात नुसतं एक पीक बदललं नाही. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर ढोरं गेली, ढोरांबरोबर शेण गेलं. परतीची गाडीच बंद पडली. माती तपासणीच्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर आमच्याकडे आता कोणाला नवल वाटत नाही.

उरलेल्या शेणाच्याही गोवऱ्या होतात. चुलीला दुसरं काही नसेल तर माय-बहिणींनी करावं तरी काय, त्यांना दोष देणं अन्याय होईल. पण काय जळतं ते माहीत असावं. गोवरीतला नत्र आणि कर्ब धुरात जातो, स्फुरद-पालाश राखेत राहतो. म्हणून राख फेकू नये. जंगलातला वणवा म्हणजे हीच गोष्ट हजार पटीनं. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून रान पेटवतात. नत्र उडतो आणि उरलेली राख पहिल्या जोरदार पावसात नाल्याला लागते. तिथून पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर.

वाहून जाणाऱ्यातलं थोडं वाटेत अडतं. पूर्व विदर्भाचे मामा तलाव याच कामाचे. धानाच्या बांध्यांतून आणि जंगलातून आलेला बारीक गाळ तळाशी बसतो, आणि उन्हाळ्यात तो गाळ काढून बांधीत टाकणं ही जुनी रीत. २०१७ पासून राज्यात गाळ काढून शेतात नेण्याची सरकारी योजनाही आहे. गाळ काढला नाही तर तलाव उथळ होतो, वरून खताचं पाणी येत राहतं, शेवाळ माजतं. रात्री ते आणि त्याला कुजवणारे जीव पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. बुलढाण्याच्या लोणार सरोवराला तर बाहेर जायला वाटच नाही. भोवतीचं पाणी खाऱ्या-क्षारीय खळग्यात उतरतं आणि तिथून फक्त वाफ निघते. मागे राहिलेल्या क्षारांत विशिष्ट सूक्ष्मजीव असे फोफावतात की जून २०२० मध्ये मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे अख्खं सरोवर गुलाबी दिसलं होतं.

परतीची आणखी एक वाट आमच्या डोळ्यांदेखत मोडली, ती गिधाडांची. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात हाडं उघडी पडायची. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करायचं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता मढं दिवसेंदिवस कुजत पडतं आणि त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसतात. आमच्या पिढीनं गिधाडं पाहिली, आमच्या पोरांनी नाही. याचं दुःख कुठल्या हिशोबात मांडावं ते मला कळत नाही.

हे सगळं मी काकांना एका बैठकीत सांगितलं नाही. हिवाळाभर थोडं थोडं चाललं होतं. जानेवारीत पऱ्हाटी उपटायची वेळ आली तेव्हा त्यांनीच विषय काढला. "मंग या पऱ्हाट्या जाळू नोको, त करू काय? अळी राह्यते त्यात." त्यांचं खरं होतं. गुलाबी बोंडअळी जुन्या बोंडांत दडून उन्हाळा काढते, म्हणून पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर ठेवणं धोक्याचंच. पण बारीक कुट्टी करून जमिनीत मिसळली तर अळीलाही आसरा राहत नाही.

"दोन सालाआधी एकानं गाडल्या होत्या," काका म्हणाले, "पीकच पिवयं पडलं त्याचं." हेही खरं, आणि त्यालाही कारण आहे. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारण २४-२५ भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतो. पऱ्हाट्यांत कर्ब त्याहून खूप जास्त आणि नत्र थोडा. खायला भरपूर मिळालं की जिवाणू वाढतात आणि कमी पडणारा नत्र मातीतून उचलतात, अगदी पिकाच्या तोंडचा. काही महिन्यांनी ते मरतात तेव्हा तो परत मोकळा होतो, पण तोवर पेरलेलं पीक उपाशी राहतं. म्हणून कुट्टी पेरणीच्या पुष्कळ आधी, जमिनीत थोडी ओल असताना मिसळायची, सोबत शेणखत किंवा थोडा युरिया द्यायचा आणि त्या जागी पहिलं पीक असं घ्यायचं जे नत्र स्वतःच आणतं.

काकांनी जंगलाकडची दहा तासं, म्हणजे पिकाच्या दहा ओळी, वेगळी काढली. बाकीच्या पऱ्हाट्या नेहमीसारख्या घरी सरपणाला नेल्या, या दहा तासांतल्यांची कुट्टी करून, वर दोन खाचरं शेणखत टाकून वखरून घेतली. यंदा तिथे तूर आहे, पेरून तीन आठवडे झालेत. पोळ्याच्या आधी एक झाड उपटून गाठी फोडून बघायचं ठरलं आहे.